बागेत बाइंडवीड शिरली आहे. आपली चांदवेल ती हीच का? अनुभव सांगा

मोगरी | १४ जून

नमस्कार मंडळी,

मी इंग्लंडात लेस्टरला राहते. तीन वर्षांपूर्वी आम्ही इथे जुनं सेमी-डिटॅच्ड घर घेतलं. मागे साधारण चाळीस फूट लांबीची बाग, तीन बाजूंना लाकडी कुंपण आणि चौथ्या बाजूला शेजारच्या आजींची आणि आमची सामाईक हेज, म्हणजे झुडपांचं जिवंत कुंपण. पहिल्याच जुलैत त्या हेजवर कर्ण्याच्या आकाराची, हाताच्या अर्ध्या पंजाएवढी पांढरीशुभ्र फुलं आली. मी हरखून गेले. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवली तर ती म्हणाली, "रोज चार तोड आणि देवाला वाहा." तो सगळा उन्हाळा मी त्या वेलीला हातही लावला नाही.

दुसऱ्या वर्षी मेथी, कोथिंबीर आणि बटाट्यासाठी वाफे करायचे ठरले. जमीन घट्ट होती म्हणून दोन दिवसांसाठी रोटाव्हेटर भाड्याने आणला आणि हेजपासून थेट अंगणापर्यंत माती भुसभुशीत करून घेतली. तीन आठवड्यांनी मेथीच्या आधी दुसरंच काहीतरी उगवलं. लालसर देठाचे, टोकाला वळलेले कोंब, जवळजवळ प्रत्येक वितीवर एक. जूनच्या शेवटी रास्पबेरीच्या काठ्या एकमेकींना बांधल्यासारख्या झाल्या आणि गुलाबाची कळी पिळून निघाली.

या वर्षी मी खुरपं टाकून कुदळ घेतली. एका चौरस मीटरमधून बादलीभर मुळं निघाली. जाड शेवयांसारखी पांढरी, ओढली की कट्कन तुटणारी, तुटल्या जागी दुधासारखा चीक येणारी. तुटलेला अर्धा भाग मातीतच राहतो आणि तो कुठे गेला ते कळत नाही.

इथे सगळे हिला बाइंडवीड म्हणतात. माझे बाबा म्हणतात, आपल्याकडे शेतात चांदवेल असते तीच ही. खरंच तीच का? आणि हिचा स्वभाव नेमका कसा आहे? मला बाग सोडायची नाही. ज्यांनी हिच्याशी झुंज दिली आहे त्यांनी कृपया लिहा.

वनस्पतीवेडा | १४ जून

मोगरीताई, आधी ओळख पक्की करू. उपाय त्यावर अवलंबून आहे.

फुलाच्या मागे, देठाशी पाहा. हिरव्या पाकळ्यांसारखी दोन मोठी छदं फुलाच्या बुडाशी असलेल्या हिरव्या वाटीला (निदलपुंजाला) दोन्ही बाजूंनी झाकत असतील तर ती कॅलिस्टेजिया, म्हणजे कुंपणावरची बाइंडवीड. फुलं पाच ते सात सेंटिमीटर रुंद, जवळजवळ बिनवासाची, पानं मोठी आणि हृदयाच्या किंवा बाणाच्या आकाराची. छदं फुगीर असून एकमेकांवर चढलेली असतील तर तिची थोरली बहीण कॅलिस्टेजिया सिल्व्हॅटिका, जी दक्षिण युरोपातून ब्रिटनच्या बागांत आली.

आपली चांदवेल म्हणजे कॉन्व्हॉल्व्ह्युलस आर्व्हेन्सिस. हिंदीत हिरनखुरी, कारण पान हरणाच्या खुरासारखं दिसतं. तिचं फूल रुपयाच्या नाण्याहून थोडंच मोठं, पांढरं किंवा गुलाबी पट्ट्यांचं, मंद गोड वासाचं. छदं अगदी बारीक आणि फुलापासून बरीच खाली, देठावर. ती जमिनीवर पसरते आणि आधार मिळाला तर चढते. दोघी एकाच कुळातल्या, पण एक नव्हेत. वडिलांचा अंदाज घरापर्यंत बरोबर आहे, दार मात्र शेजारचं.

हे कूळ आपल्याला परकं नाही. रताळं, नाळीची भाजी, गणेशवेल, समुद्रकिनाऱ्यावरची मर्यादवेल, ओढ्याकाठचा बेशरम, औषधातलं निशोत्तर आणि पानं नसलेली अमरवेलसुद्धा याच कुळातली.

चढण्याबद्दल थोडं सांगतो, कारण ते पाहण्यासारखं आहे. या वेलींना ताणे (आधाराला विळखा घालणारे तंतू) नसतात. खोडाचा शेंडाच हवेत गोल फिरत आधार शोधतो, वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट. डार्विनने कुंपणावरच्या बाइंडवीडचा शेंडा घड्याळ लावून पाहिला होता आणि त्याला एक फेरा पावणेदोन तासांच्या आतच पुरा होताना दिसला. उन्हाळ्यातल्या एका निवांत दुपारी शेंड्याशेजारी काडी रोवून ठेवा आणि चहा घेऊन या. तुम्हालाही दिसेल.

मोगरी | १५ जून

सर, आत्ताच जाऊन पाहिलं. दोन मोठी छदं आहेत आणि एकमेकांवर चढलेली आहेत. म्हणजे थोरली बहीण!

शेजारच्या आजींना दाखवलं तर त्यांनी फुलाच्या मागचा तो हिरवा भाग चिमटीत धरून दाबला. आख्खं पांढरं फूल टुणकन उडून माझ्या पायाशी पडलं. "आजीबाई, आजीबाई, अंथरुणातून उडी मार" अशा अर्थाचं काहीतरी म्हणत लहानपणी त्या हा खेळ खेळायच्या. माझ्या मुलीने मग वीसेक फुलं उडवली. एवढ्या वैतागात तेवढा एक आनंद.

काळी_माय | १५ जून

मंगळवेढ्याहून लिहितोय. आमची जमीन खोल काळी, रब्बीची. ज्वारी, हरभरा, करडई आणि विहिरीवर थोडा गहू. चांदवेलीशी आमची तिसरी पिढी भांडते आहे, म्हणून सविस्तर लिहितो. जात वेगळी असली तरी सवय एकच आहे.

ताई, तुम्ही रोटाव्हेटर फिरवला तिथेच सगळं फिरलं. आमच्या आजोबांच्या वेळी लाकडी नांगर होता, तेव्हा चांदवेल शेताच्या एका कोपऱ्यात, जुन्या बांधालगत होती. ट्रॅक्टर आला, मग रोटाव्हेटर आला. दोन वर्षांत ती बांधापासून निम्म्या रानात पोचली. बोटाएवढा तुकडा जरी ओल्या मातीत राहिला तरी तो फुटतो. रोटाव्हेटर म्हणजे तिच्यासाठी पेरणीयंत्र. एका मुळाचे पन्नास तुकडे करून सारख्या अंतरावर टाकून देतो.

हरळीच्या आम्ही काशा (जमिनीतली खोडं) वेचतो. उन्हाळी नांगरट करून ढेकळं तापू द्यायची, मग बायामाणसं लावून काशा गोळा करून जाळायच्या. हरळी त्याने हटते, कारण तिचा जीव वरच्या वीतभर मातीत असतो. चांदवेलीचं तसं नाही. एका मे महिन्यात जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. मी एका भेगेत खांद्यापर्यंत हात घातला, तर तिथेही दोरीसारखं मूळ सरळ खाली जाताना लागलं. वरचं रान वाळून कोळ झालेलं आणि ते मूळ तोडलं तर आत ओलं. त्या दिवशी मी खणायचा नाद सोडला.

आता करतो ते असं. वेल वर आली की पहिले काही दिवस ती मुळातला साठा खाऊन वाढते. पानं मोठी झाली की उलटं सुरू होतं, पानं मुळाला खायला घालतात. दोन आठवड्यांच्या आत तिला मातीखाली दोन-तीन बोटांवर कापली तर साठा गेला आणि परत काही मिळालं नाही. म्हणून दर बारा-चौदा दिवसांनी पास, म्हणजे मातीखालून वरवर कापणारी पाळी, घालायची. पडीक रानात वखर, पिकाच्या ओळीत कोळपं आणि खुरपं. नांगर नाही, रोटाव्हेटर तर नाहीच. पहिल्या वर्षी काही फरक दिसत नाही आणि माणूस तिथेच हरतो. दुसऱ्या वर्षी वेल बारीक, दोऱ्यासारखी येते. आमचं दीड एकर तिसऱ्या वर्षी हातात आलं.

एकच पास चुकली तर? लेकीच्या लग्नात महिनाभर रानात कुणी गेलं नाही. तेवढ्यात तिने फुलं धरली. मागच्या वर्षाची निम्मी मेहनत गेली.

निफाडकर | १५ जून

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. फवारणीबद्दल मात्र इशारा द्यायचा आहे, कारण कुणीतरी टू-फोर-डी हे तणनाशक सुचवणारच.

गव्हात रुंद पानांच्या तणांसाठी टू-फोर-डी वापरतात हे खरं. गहू गवतवर्गीय आहे, तो वाचतो. पण हरभरा रुंद पानांचा, तो तणाबरोबर जातो. कापूस आणि द्राक्ष यांना तर त्या औषधाची नुसती वाफही बाधते. आमच्या बागेपासून दोन शेतं पलीकडे कुणीतरी वाऱ्याच्या दिवशी फवारलं होतं. आठवड्याने द्राक्षाची कोवळी पानं पंख्यासारखी चुणलेली निघाली, शिरा सगळ्या जवळजवळ, कडा दातेरी. त्या फुटव्यांवर घड नीट भरलेच नाहीत. भांडण कुणाशी करणार? त्या माणसाला स्वतःलाही माहीत नव्हतं.

चांदवेलीचे शेंडे टू-फोर-डीने जळतात, पण खोल मूळ एका फवारणीत मरत नाही. नुकसान शेजाऱ्याचं आणि वेल तशीच.

वाळा | १६ जून

मोगरी, मी रेडिंगला असते. आमच्या अलॉटमेंटवर (भाजी लावायला भाड्याने घेतलेल्या जमिनीच्या तुकड्यावर) हीच थोरली बहीण होती, सात वर्षं झाली. तुझ्यासाठी चांगली बातमी ही की कुंपणावरच्या बाइंडवीडची बहुतेक पांढरी मुळं फूट-दीड फूट खोलीच्या आत आडवी पळतात. तुकडे तुकडे झाले नसतील तर काट्यांच्या फावड्याने ती उकरून काढता येतात. सपाट फावडं वापरायचं नाही, त्याने कापली जातात. मार्चमध्ये माती जरा ओलसर असताना फावडं बाजूने घालून माती सैल करायची आणि मूळ बोटांनी सोडवत, ओढत नाही तर सोडवत, काढायचं. मी अडीच मीटर लांबीचं एक अखंड काढलं होतं.

काढलेली मुळं कंपोस्टमध्ये टाकू नकोस. घरच्या ढिगाला तेवढी उष्णता येत नाही, तिथे ती मजेत वाढतात. झाकणाच्या बादलीत पाणी भरून त्यात बुडवून ठेव. दीड-दोन महिन्यांत कुजून चिखल होतो. वास भयंकर येतो, पण मग ते पाणी आणि गाळ खुशाल खत म्हणून घाल. किंवा पत्र्यावर पसरून कडकडीत वाळव. काउन्सिलच्या बागकचऱ्याच्या डब्यातही चालतं, कारण तिथले मोठे ढीग चांगले तापतात.

हेज सामाईक आहे म्हणतेस, तर खरी लढाई हेजच्या मुळात आहे. तिथे खणता येत नाही. दोन गोष्टी कर. एक, हेजपासून थोडं अंतर सोडून, वाफ्याच्या बाजूला, ४५ सेंटिमीटर खोल चर काढून त्यात जाड प्लॅस्टिकचा पडदा उभा पूर. वरची कड मातीबाहेर दोन बोटं दिसली पाहिजे, नाहीतर ती वरून उडी मारते. दोन, मे महिन्यात हेजच्या बाहेर बांबूच्या काठ्या रोव आणि कोंब त्यांच्यावर चढव. चढू दे चांगले. फुलायच्या सुमाराला, जून-जुलैत, तो झुबका काठीवरून अलगद खाली सरकवून प्लॅस्टिकच्या पिशवीत घाल, आत ग्लायफोसेट हे तणनाशक फवार, पिशवीचं तोंड बांध आणि सुकेपर्यंत तसंच ठेव. हेजच्या एकाही पानाला थेंब लागत नाही. त्या वेळी वेल पानांतलं अन्न मुळाकडे पाठवायला लागलेली असते, त्याबरोबर औषधही खाली जातं. मार्च-एप्रिलात कोवळ्या कोंबावर मारलं तर वरचं वर जळतं आणि मूळ शाबूत राहतं.

काळी_माय | १६ जून

वाळाताई, पिशवीची युक्ती पहिल्यांदाच वाचली. पटली. पण मोगरीताईंच्या वाफ्यात मेथी-कोथिंबीर आहे आणि घरात लहान मूल आहे. तिथे मी तरी औषध सांगणार नाही. हेजपुरतं ठेवा, वाफ्यात खुरपंच.

वाळा | १६ जून

मान्य. मीसुद्धा फक्त हेजसाठीच सांगितलं. भाजीच्या वाफ्यात मी आजवर मारलेलं नाही.

केवडा | १७ जून

धागा वाचून पोटात गोळा आला. रत्नागिरीला आमच्या कुंपणावर निळी मॉर्निंग ग्लोरी आणि गणेशवेल आहेत, दोन्ही मी हौसेने लावलेल्या. काढून टाकू का? आणि एक भाबडा प्रश्न: ही नाळीच्या भाजीच्या कुळातली आहे, तर हिची पानं शिजवून खाता येतील का? फुकटची भाजी तरी होईल.

वनस्पतीवेडा | १७ जून

केवडाताई, गणेशवेल बिनधास्त ठेवा. ती एका हंगामाची, मुळाशी साठा नसलेली. बी पडून दरवर्षी उगवते, पण नको असलेली रोपं दोन बोटांनी निघतात. तिची ती लाल चांदणीसारखी फुलं शिंजीरांना आवडतात. निळ्या मॉर्निंग ग्लोरीत मात्र दोन प्रकार आहेत. बियाणं पेरून आलेली वार्षिक असेल तर काळजी नाही, फक्त बी वाळायच्या आत बोंडं काढा. छाट लावून आलेली, वर्षानुवर्षं जगणारी असेल तर ती कोकणच्या पावसात झाड झाकून टाकते. तिला आंब्याच्या कलमाजवळ जाऊ देऊ नका.

खायचं मात्र नाही. रताळ्याचा पाला आणि नाळीची भाजी लोक पिढ्यान्‌पिढ्या खात आले, पण त्यावरून सगळं कूळ खाण्याजोगं ठरत नाही. निशोत्तर याच कुळातलं आणि ते रेचक म्हणून प्रसिद्ध आहे. चांदवेलीत अल्कलॉइड्स (शरीराला बाधू शकणारी रसायनं) असतात. हौस म्हणूनही करू नका, कृपया.

आणखी एक, मोगरीताईंसाठी. या दोन्ही बाइंडवीडना स्वतःच्याच परागाने बी फारसं धरत नाही, दुसऱ्या वेलीचा पराग लागतो. एकाच मुळाचे तुकडे होऊन पसरलेल्या बागेत ती सगळी मिळून एकच वेल असते. म्हणून तुमच्याकडे फुलं भरपूर दिसली तरी धोका बियांपेक्षा मुळांचा जास्त आहे. शिवाय ऑगस्टनंतर जमिनीकडे झुकलेले शेंडे पाहत राहा. ते मातीत टोक खुपसतात आणि आत गेलेला भाग पांढरा, जाड होऊन नवं मूळ बनतो. हिवाळ्यात वरचं सगळं वाळतं, ते टोक जिवंत राहतं आणि पुढच्या एप्रिलात हेजपासून दोन मीटरवर "नवीन" वेल उगवते. लोकांना वाटतं बी पडलं.

रॉकी_डोंगर | १८ जून

कोलोरॅडोतून, फोर्ट कॉलिन्स. इथे आहे ती काळी_माय यांच्या रानातलीच, चांदवेल. राज्याच्या उपद्रवी तणांच्या यादीत तिचं नाव आहे. अमेरिकेत तिची पहिली नोंद व्हर्जिनियात १७३९ सालची, आणि पुढे ती शेतमालाच्या बियाण्याबरोबर पश्चिमेकडे सरकत आली. पुण्यात वाढलो तेव्हा हिचं फूल कधी निरखून पाहिलं नव्हतं, इथे पाऊस कमी असलेल्या कोरड्या अंगणात ती मला रोज सकाळी भेटते. संध्याकाळी मिटते, दुसऱ्या दिवशी त्या जागी नवीन.

बियांबद्दल काळजीचं सांगतो. चांदवेलीच्या बोंडात साधारण चार बिया, करड्या-तपकिरी, कडक कवचाच्या. त्या मातीत वीस वर्षांहूनही जास्त टिकतात. म्हणून बारा-चौदा दिवसांच्या पाळीचा आणखी एक फायदा आहे, तिला फुलायलाच मिळत नाही.

मी पहिल्या वर्षी अंगणावर पुठ्ठे पसरून वर लाकडाचे तुकडे टाकले होते. सगळीकडे हेच सांगतात. वेल पुठ्ठ्याखालून पांढरी, बिनपानाची, पाच फूट सरकत आली आणि कडेला उजेड दिसताच हिरवी झाली. झाकायचं तर सलग, जाड काळं कापड, वेलीच्या कडेच्या पुढे बरंच लांबपर्यंत आणि तेही तीन-चार वर्षं. आणि कडेला रोज नजर.

आमच्याकडे आणखी एक उपाय आहे, तुमच्या कामाचा नाही, पण ऐकण्यासारखा. असेरिया मॅलहर्बी नावाचा डोळ्यांना न दिसणारा कोळी (माइट). १९८९ मध्ये अमेरिकेत तो पहिल्यांदा सोडला गेला. तो चांदवेलीच्या कोवळ्या पानांवर राहतो, पानं मधल्या शिरेवर दुमडून चिकटतात, खरबरीत होतात, वेल खुजी राहते आणि फुलत नाही. पॅलिसेड गावात राज्य कृषी खात्याचं कीटकगृह आहे, तिथून तो लोकांना मिळतो. पाकिटातून येतो तो कोळी लागलेल्या वेलींचा गुंडाळा. तो आपल्या वेलीभोवती पिळून ठेवायचा. मी दोन वर्षांपूर्वी ठेवला. गवताला रोज तुषार पाणी मिळतं त्या भागात त्याने काहीच केलं नाही, कोरड्या उतारावर मात्र वेल आता वीतभर उंचीचीही होत नाही. मरत नाही, पण बाकीच्या झाडांना जागा देते.

नवी_पालवी | १८ जून

यूकेतल्या कुणीतरी सांगा. आम्ही कॉव्हेंट्रीला घर बघतोय, मागे हीच फुलं आहेत. एका ओळखीच्यांनी सांगितलं की अशी वेल असेल तर कर्ज मिळत नाही आणि कायद्याने कळवावं लागतं. खरं का?

वाळा | १८ जून

ते जॅपनीज नॉटवीडबद्दल आहे, दुसरंच झाड. घर विकताना भरायच्या टीए-सहा फॉर्ममध्ये नॉटवीडचा प्रश्न वेगळा विचारतात. बाइंडवीडसाठी तसं काही नाही, ती भिंतीही फोडत नाही. दोन्हींची पानं लांबून सारखी वाटतात म्हणून गोंधळ होतो. नॉटवीडचं खोड बांबूसारखं पेरांचं, पोकळ, जांभळ्या ठिपक्यांचं आणि स्वतःच्या बळावर उभं राहतं. बाइंडवीड आधाराशिवाय उभी राहूच शकत नाही. घर आवडलं असेल तर बाइंडवीडमुळे सोडू नका. पण मार्चमध्ये ताबा मिळाला तर लगेच नवीन झाडं लावू नका. एक उन्हाळा नुसतं बघा, ती कुठून कुठून येते ते.

मोगरी | २३ जून

सगळ्यांचे प्रतिसाद छापून स्वयंपाकघरात लावले आहेत. ठरवलंय ते असं: वाफ्यात काळी_माय दादांची पाळी, दर बुधवारी एक वाफा आणि दर रविवारी दुसरा, म्हणजे कुठलाही कोंब पंधरा दिवसांहून मोठा होणार नाही. हेजला वाळाच्या काठ्या. काल पहिल्या वाफ्यात मोजले, ६३ कोंब निघाले. मुलीने वहीत लिहून ठेवलं.

एक विचारायचं आहे. गूसबेरीच्या झुडपात आतून वेल येते. तिथे खुरपं जात नाही आणि काटे इतके की हातही घालवत नाही.

काळी_माय | २३ जून

ताई, झुडूप थंडीत पानं गाळतं ना? तेव्हा मुळासकट काढा, बादलीत मुळं धुवा, पांढरी दोरी सगळी वेचा आणि स्वच्छ जागी पुन्हा लावा. आम्ही डाळिंबाच्या रोपांबरोबर चांदवेल आणली होती, पिशवीतल्या मातीतून. तेव्हापासून नर्सरीतून आलेलं प्रत्येक रोप माती झटकूनच लावतो.

मोगरी | १९ ऑगस्ट

मध्ये दोन आठवडे पुण्याला गेले होते, दोन पाळ्या चुकल्या. परत आले तर रास्पबेरीवर पुन्हा गुंडाळलेली. रडूच आलं. पण एक बघितलं, या वेळचे कोंब बारीक आहेत, जूनमध्ये पेन्सिलच्या शिसाएवढे जाड होते ते आता शिवणाच्या दोऱ्यासारखे. उलगडताना एक गोष्ट लक्षात आली. ओढून काढायचं नाही. वेल चढली त्याच्या उलट दिशेने तिला फिरवत सोडवली तर रास्पबेरीची पानं तुटत नाहीत. वनस्पतीवेडा सरांनी दिशा सांगितली होती म्हणून सुचलं.

शेजारच्या आजींशी बोलले. मी घाबरत होते, त्यांची हेज साठ वर्षांची आहे. त्या म्हणाल्या, त्यांचे यजमान दर रविवारी हेजच्या बुडाशी बसून हीच वेल खुडत. ते गेल्यावर सात वर्षं कुणी खुडली नाही. पडदा पुरायला त्यांनी त्यांच्या बाजूनेही परवानगी दिली आहे.

वनस्पतीवेडा | २० ऑगस्ट

शिवणाचा दोरा म्हणजे मुळातला साठा संपत चालला आहे. फार छान निरीक्षण. सप्टेंबरात शेंडे जमिनीला टेकू देऊ नका. आणि हेजवर उरलेल्या वेलीवर शेपटीला शिंग असलेली बोटभर लांब अळी दिसली तर फोटो टाका. बाइंडवीडवर वाढणारा एक मोठा पतंग असतो, अ‍ॅग्रियस कॉन्व्हॉल्व्ह्युलाय. तोच आपल्याकडे रताळ्याच्या वेलावर येतो.

मोगरी | २६ एप्रिल

धागा वर आणते आहे, कारण बऱ्याच जणांनी व्यक्तिगत निरोपातून विचारलं.

पडदा फेब्रुवारीत पुरला, दोन्ही बाजूंनी मिळून अकरा मीटर. चर खणताना हेजच्या बाजूने जी मुळं निघाली ती धुऊन मोजली नाहीत, पण तीन बादल्या भरल्या. गूसबेरी जानेवारीत काढून, मुळं धुऊन, पुढच्या कुंपणाशी लावली. तिला पालवी फुटली आहे.

काल पहिला वाफा खुरपला. मुलीने तीच वही आणली. ६३ च्या खाली तिने १९ लिहिलं.

हेजमध्ये मात्र कमी नाही. पाच काठ्या रोवल्या आहेत, तीनवर कोंब चढायला लागले. वाळा, पिशवी जूनच्या कितव्या आठवड्यात घालू? इथे या वर्षी थंडी लांबली आहे, फुलं उशिरा येतील असं वाटतं.

वाळा | २६ एप्रिल

तारीख बघू नकोस, कळी बघ. पहिली कळी पांढरी दिसली की त्या आठवड्यात घाल, दुपारनंतर, पाऊस नसलेल्या दिवशी. आणि काठ्या पाचावर थांबवू नकोस. जिथे कोंब आहे तिथे काठी हवी, नाहीतर तो आजींच्या हेजवरच चढणार.